माझा वेळ त्यांना

अण्णांना सभेला न्यायचं की नाही यावरून आईच्या स्वयंपाकघरात दोन पक्ष पडले होते, आणि ज्यांच्यावरून पडले होते ते अण्णा तिथेच खिडकीशी बसून बुटाची नाडी बांधत होते. डाव्या हातानं. उजवा हात गेल्या वर्षीच्या झटक्यात वाचेबरोबर गेला होता. हात निम्मा परत आला. वाचा तेवढीही आली नाही.

"नुसतं पुढच्या रांगेत बसवायचं," मधला म्हणाला. "एक शब्द बोलायला नको. लोक बघूनच विरघळतील."

"अण्णा म्हणजे काय प्रदर्शनातला बैल?" थोरलीनं विचारलं.

"बैल मी म्हणालो? तूच म्हणालीस."

"अर्थ तोच होता."

"तुला अर्थ बरे कळतात. तुझ्या नवऱ्याच्या बोलण्याचा अर्थ सांग की जरा. पूल पाडायचा म्हणजे काय करायचा?"

थोरलीनं हातातला कप जरा जोरात खाली ठेवला. भावाला राग आला की तो तिच्या नवऱ्यापर्यंत जाऊन पोचायचाच. आणि घरी नवऱ्याला राग आला की तो तिच्या भावापर्यंत. इकडे आड, तिकडे विहीर, आणि मधे ही एकटी चहा गाळणारी.

"भांडा," आई म्हणाली. "पूल पडल्यावर काय, ओढ्याच्या दोन काठांवरून भांडाल."

पूल तसा काही कुणी चित्र काढावं असा नव्हता. घरामागून ओढा जायचा, त्यावर एकाच गाडीपुरता जुना लोखंडी सांगाडा, वर फळ्या. मधल्याचा दुधाचा टँकर त्यावरून जाताना फळ्या दात खाल्ल्यासारख्या वाजायच्या. पलीकडच्या काठावर काका राहायचे, अण्णांचा धाकटा भाऊ, वेताच्या खुर्च्या विणणारा, लग्न न केलेला. दुखण्यातून उठल्यापासून अण्णा रोज सकाळी काठी टेकत पूल ओलांडायचे आणि जेवायच्या वेळेला परत यायचे. रस्त्यानं जायचं तर भलामोठा वळसा, त्याला गाडी हवी, आणि अण्णांच्या हातून गाडी चालवणं गेलं होतं.

आता वस्तीच्या मंडळापुढे प्रस्ताव होता की पूल पाडावा. वरच्या जिल्हा मंडळानं पाडायला पैसे मंजूर केले होते, दुरुस्तीला नाही. आणि वस्तीच्या मंडळावरच्या पाच जणांत एक होता थोरलीचा नवरा. धंद्यानं मोजणीदार. लोकांच्या जमिनी मोजता मोजता त्याला बोलणंही मोजायची सवय लागली होती.

"मी तिथं कुणाचा जावई म्हणून बसत नाही," त्यानं आदल्या दिवशी थोरलीला सांगितलं होतं. "खालचे दोन खांब मी स्वतः बघून आलोय. एक दिवस तुझ्या भावाचा टँकर खाली जाणार आहे. तेव्हा मला कोण विचारायला येईल? तूच."

"आणि अण्णा?"

अडचणीचा प्रश्न आला की तो चष्मा पुसायचा. तेव्हाही त्यानं तोच पुसला होता.

"अण्णांसाठीच तर भांडतोय आपण," मधला आता म्हणत होता. "डॉक्टर काय म्हणाले? बोलत राहायला पाहिजे. आणि अण्णा बोलतात कुठं? फक्त काकांकडे. आपल्यापुढे मिठाची गुळणी, आणि तिकडे दोघं भाऊ तासन् तास. हेच सांगणार मी. एवढं बास आहे."

हे मात्र सगळ्यांना मान्य होतं. अण्णा काकांशी बोलतात. थोरलीलाही मान्य होतं, आणि मनातून तेच तिला सलत होतं. दवाखान्यातून आणलेली चित्रांची कार्डं घेऊन ती रोज सकाळी अण्णांसमोर बसायची. हे काय, अण्णा? कप. हे काय? खुर्ची. हे? अण्णा घामाघूम व्हायचे. हे तेच अण्णा, गुरांच्या बाजारात लिलाव पुकारणारे, ज्यांच्या तोंडाचा पट्टा कधी थांबत नसे, ज्यांचा एक वार दोन वार ऐकता ऐकता माणसं नको असलेली म्हैस घरी घेऊन गेली होती. तिच्यासमोर त्यांना दहा शब्दांपुढे जाता यायचं नाही. मग ते काठी घ्यायचे आणि पुलावरून जायचे, जिथे ते बोलायचे.

माझ्याशी का नाही, असं तिनं कधी विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर उत्तर द्यायला शब्द कुठून आणणार होते ते.

अण्णांनी नाडीला दुसरी गाठ मारली, उठून उभे राहिले आणि दाराकडे काठी केली.

"बघ," मधला म्हणाला. "यायचंय त्यांना."

*

इतिवृत्त. लिहिणार: धाकटी.

*सभा अग्निशमन बंबाच्या शेडमध्ये झाली. बंब बाहेर उन्हात उभा केला होता. पाचही सदस्य हजर. नागरिक बरेच.*

धाकटी ही भावंडांतली तिसरी. मंडळाची कारकून. सकाळपासून तिनं घरातल्या कुणालाही पुलाचा विषय काढू दिला नव्हता. "मी सरकारी माणूस आहे," असं म्हणून ती आईच्या हातचं जेवून निघून आली होती.

*अध्यक्षांनी नियम वाचून दाखवला. प्रत्येक नागरिकाला बोलण्यास तीन मिनिटे. हिरवा दिवा: बोला. पिवळा: आवरते घ्या. लाल: बसा. आपला वेळ दुसऱ्या नागरिकास देता येईल.*

जे इतिवृत्तात नाही ते असं, की या नियमाला वस्तीत सगळे मधल्याचा नियम म्हणतात. दोन वर्षांमागे मधला एका तुंबलेल्या गटारावर बोलायला उभा राहिला तो गटार वाहू लागलं तरी खाली बसेना. त्यानंतर मोजणीदारानं नियम लिहिला आणि दिवे आणले. मधल्यानं त्या वर्षी मेव्हण्याच्या वाढदिवसाला त्याला टॉर्च दिली होती. लाल.

अध्यक्षबाई म्हणजे गुरांची डॉक्टरीण. शेडमधल्या प्रत्येकाच्या गोठ्यात कधी ना कधी कोपरापर्यंत हात घालून झालेली, त्यामुळे तिच्यापुढे कुणी आवाज चढवत नसे. तिनं यादी उचलली. पहिलं नाव आईचं होतं.

आई उठली. पदर सारखा केला. आणि अण्णांनी तिचं मनगट धरलं.

त्यांनी काठी जमिनीवर रोवली, आईच्या हातावर भार दिला आणि उभे राहिले. थोरलीनं मधल्याकडे पाहिलं. मधल्यानं खांदे उडवले. हे त्याच्याही योजनेत नव्हतं.

"तुम्हाला बोलायचंय?" आईनं हळूच विचारलं.

अण्णांनी मान डोलवली.

आईनं क्षणभर त्यांच्याकडे बघितलं, मग अध्यक्षबाईकडे. "माझा वेळ यांना," ती म्हणाली आणि बसली.

हिरवा.

"पू," अण्णा म्हणाले. मग, "पूल."

शेडमध्ये कुणी खोकलं. बाहेर बंबावर एक कावळा बसला आणि उडाला. अण्णांचे ओठ हलत होते. जुन्या सवयीनं त्यांचा डावा हात वर गेला, लिलावात बोली घेताना जायचा तसा, आणि हवेतच थांबला.

पिवळा.

"पूल," ते पुन्हा म्हणाले, आणि मान हलवली. तो शब्द त्यांना नकोच होता. चुकीचं जनावर पुढं आणल्यावर करायचे तसं त्यांनी त्याला हातानं बाजूला केलं.

लाल.

*पहिल्या वक्त्याचा वेळ संपला.*

"बसा आता, अण्णा," अध्यक्षबाई अगदी मऊ आवाजात म्हणाली. "पोचलं आमच्यापर्यंत."

पण पोचलं नव्हतं. आणि अण्णा बसले नाहीत.

दुसरं नाव मधल्याचं. मधला उभा राहिला. त्यानं दाढी केली होती, इस्त्रीचा शर्ट घातला होता, आणि हातात टँकर, वळसा, डिझेल, नासलेलं दूध असं सगळं मुद्देसूद लिहिलेले कागद होते. रात्रंदिवस घोकलेले. पूल गेला तर रोजचा वळसा त्याच्या माथी येणार होता, आणि हे सांगायला त्याच्याकडे एवढाच वेळ होता. त्यानं कागदांकडे पाहिलं, बापाच्या पाठीकडे पाहिलं.

"माझा वेळ त्यांना," तो म्हणाला, आणि कागदाची घडी करून त्यावरच बसला.

हिरवा.

"तिक," अण्णा म्हणाले. "तिकडे."

"बरोबर," मागून कुणीतरी हळूच म्हणालं. "तिकडे भाऊ असतो त्यांचा."

"तब्येत म्हणायचंय का, अण्णा? तब्येतीला बरं?"

अण्णांनी वळून मागे पाहिलं, आणि जो धागा हातात आला होता तो सुटला. थोरलीला ते दिसलं. तिला ते रोज सकाळी दिसायचं. चित्र धरून ती दोन क्षण थांबायची, आणि मग तिच्यानं राहवायचं नाही, ती पहिलं अक्षर सांगायची. क... क... कप, अण्णा. आणि अण्णा तेवढंच म्हणायचे, कप, आणि डोळे मिटायचे. ती समजायची, दमले.

पिवळा. लाल.

"माझा वेळ," थोरली उभी राहून म्हणाली, आणि तिच्या लक्षात आलं की आपण नवऱ्याकडे बघतोय. तो टेबलामागे बसला होता. समोर त्याच्या नावाची पाटी, पाटीपुढे दिव्यांची पेटी. दिव्याचं बटण त्याच्याच हाताखाली होतं. "माझा वेळ त्यांना. आणि मागच्यांनी कृपा करून शब्द सुचवू नका."

हिरवा.

"तिकडे," अण्णा म्हणाले. वाक्याच्या सुरुवातीला परत जाऊन, पायरीवरून पाय घसरल्यावर माणूस खालून चढतो तसं. "तिकडे. म. म."

सगळे थांबले. आई मांडीवरच्या हातांकडे बघत होती. धाकटीची लेखणी कागदावर टेकून राहिली होती.

"मला."

पिवळा.

"तिकडे. मला."

लाल.

काका शेवटच्या रांगेत, दाराशी, खुर्ची जराशी वाकडी करून बसले होते. उठताना त्यांनी सवयीनं खुर्चीच्या बैठकीवरून हात फिरवला. "माझापण घ्या," ते म्हणाले. "मी काय बोलणार आहे."

त्यांचा सगळा वेळ "तिकडे मला" पर्यंतच गेला.

त्यानंतरचं नाव होतं अंडीवाल्याचं. मोठ्या कोंबडीखान्याचा मालक. पूल पाडा असं म्हणणाऱ्यांतला पहिला. टँकर गेला की त्याच्या कोंबड्या बिथरतात आणि अंडी घालत नाहीत, असं तो गेली दोन वर्षं भेटेल त्याला सांगत होता. तो उठला, टोपी काढली, परत घातली.

"मला कोंबड्यांबद्दल बोलायचं होतं," तो म्हणाला. "ते सगळ्यांना पाठ आहे. द्या त्यांना."

हिरवा, पिवळा, लाल. अण्णांच्या शर्टाची पाठ ओली झाली होती. तिकडे. मला. तिकडे. मला. बो.

यादी संपली.

*यादीतील सर्व वक्त्यांचा वेळ संपला.*

लाल दिवा तसाच राहिला. अध्यक्षबाईनं यादी पुन्हा वरून खाली पाहिली. नियम नियम होता, आणि तो मोडायचा तर कुणासाठी, उद्या मधल्याच्या पुढच्या गटारासाठीही का? थोरलीला कळत होतं की आता सगळं संपलं. अण्णा बसतील. आपण त्यांना घरी नेऊ. उद्या सकाळी कार्डं काढायची तिला हिंमत होणार नाही.

मोजणीदारानं चष्मा काढला. थोरलीला वाटलं, आता हा काच पुसणार.

त्यानं चष्मा टेबलावर ठेवला. आपल्या नावाची पाटी उचलली आणि पालथी घातली. मग टेबलाला वळसा घालून खाली आला आणि थोरलीशेजारच्या रिकाम्या खुर्चीवर बसला. तिथे आईची पिशवी होती, ती त्यानं मांडीवर घेतली.

"मीपण याच वस्तीचा नागरिक आहे," तो म्हणाला. "माझा वेळ त्यांना."

"अहो," अध्यक्षबाई म्हणाली, "खाली बसून बोललात तर या विषयावर तुम्हाला मत देता येणार नाही."

"माहीत आहे. नियम मीच लिहिलाय."

"आणि मत तुमचं पाडायच्या बाजूचं होतं."

"अजूनही आहे," मोजणीदार म्हणाला. "पण त्यांचं वाक्य अर्धं राहिलंय."

बटणाशी आता कुणी उरलं नव्हतं. अध्यक्षबाईनं हात लांबवून ते दाबलं.

हिरवा.

अण्णांनी जावयाकडे पाहिलं. मग समोर. घाई नव्हती त्यांना. लिलावात शेवटची बोली येण्याआधी ते असेच थांबायचे, सगळा बाजार मुठीत धरून.

"तिकडे," अण्णा म्हणाले. "मला. बोलावं. लागत. नाही."

आणि बसले. दिवा अजून हिरवाच होता.

*

*नागरिकांनी आपले म्हणणे मांडले.*

धाकटीनं एवढंच लिहिलं होतं. मग ते खोडलं. मग बराच वेळ काही लिहिलं नाही, म्हणून अध्यक्षबाईनं विचारलं, "लिहितेयस ना?" तेव्हा धाकटीनं नाक पुसलं आणि अण्णांचं वाक्य जसंच्या तसं उतरवलं, शब्दाशब्दांत पूर्णविराम देऊन.

*मतदान: पाडण्याच्या बाजूने दोन, विरोधात दोन. मते समसमान. प्रस्ताव बारगळला.*

*

बाहेर बंबाच्या सावलीत मधल्यानं काकांना गाठलं.

"काका, म्हणजे तुम्ही दोघं तिथं बोलत नाही?"

"नाही."

"मग रोज करता काय?"

"मी वेत विणतो. तो बघतो. मधे चहा होतो."

"आणि आम्ही सगळीकडे सांगत फिरतोय, तुमच्याकडे अण्णा घडाघडा बोलतात. तुम्ही एकदा तरी सांगायचं."

"तुम्ही कुणी विचारलंत?" काका म्हणाले. "तुम्ही सगळे मला सांगत होतात."

थोरली जरा बाजूला उभी होती. मोजणीदार अजून आईची पिशवी धरून होता.

"राग आलाय का?" त्यानं विचारलं.

"कुणाचा?"

"माझा. म्हणजे आधीचा."

"आधीचा आहे थोडा," ती म्हणाली. "राहू दे. हळूहळू जाईल."

"पूल धोक्याचाच आहे अजून," तो खालच्या आवाजात म्हणाला. "टँकर जाऊन चालणार नाही. आजच अडवायला हवा."

हे मधल्यानं ऐकलं. कुणीतरी ओरडणार असं वाटून आईनं मधे पाऊल टाकलं. पण मधल्यानं नुसतं खिशातून घडी झालेले कागद काढले, त्यांच्याकडे पाहिलं आणि परत ठेवले.

"माझ्याकडे रिकामी पिंपं आहेत," तो म्हणाला. "जावईबापू, वाळू तुम्ही भरा. मोजून भरा हां, एक कण इकडचा तिकडे नको."

ऊन उतरायच्या आत सगळे पुलाच्या अलीकडच्या तोंडाशी होते. मेव्हणेमेव्हणे पिंपं गडगडत आणत होते आणि कुठलं पिंप कुठं, यावर प्रत्येक पिंपाला भांडत होते. आई वाळूच्या ढिगावर बसून दोघांनाही चूक ठरवत होती.

"अण्णा, इथं उभे राहा," मधला म्हणाला. त्यानं अण्णांना दोन पिंपांच्या मधे उभं केलं, काठी बाजूला धरायला लावली आणि पिंप त्यांच्या अंगाशी सरकवलं. "बास. एवढी फट पुरे. माणूस जाईल, टँकर जाणार नाही."

"जरा मोठी ठेव," थोरली म्हणाली.

"कशाला? अण्णा मावतात की."

"दोघं मावायला हवेत."

मधल्यानं तिच्याकडे पाहिलं. मग पिंप मागे ओढलं, आणि मोजणीदारानं, सवय जात नाही म्हणून, फट पावलानं मोजली.

दुसऱ्या दिवशी सकाळी थोरलीनं कार्डं खणातून काढलीच नाहीत. अण्णा वाट बघत खुर्चीवर बसून राहिले, थोडा वेळ, आणि मग काठी घेऊन उठले. ती मागोमाग निघाली. पिंपांमधून दोघं एका वेळी गेले. फळ्या त्यांच्या वजनाला काहीच म्हणाल्या नाहीत.

काकांच्या ओसरीवर एक खुर्ची बैठक काढून उलटी ठेवली होती. काकांनी थोरलीला पाहिलं, आत गेले आणि स्टूल आणलं. कुणी काही विचारलं नाही. काका विणू लागले. ओला वेत छिद्रातून ओढला जाताना बारीक आवाज करत होता. अण्णा तो हात बघत होते, आणि त्यांच्या चेहऱ्यावर रोज सकाळचा तो घाम नव्हता. थोरलीला दोनतीनदा काहीतरी म्हणावंसं वाटलं. ऊन छान आहे. वेत कुठून आणता. तिनं ते गिळलं, आणि चौथ्यांदा वाटलंच नाही.

चहा आला. काकांनी दोन कप आणले होते, आणि तिच्यासाठी एक पेला. अण्णांनी आपला कप डाव्या हातानं उचलला. पण तोंडाला लावला नाही. त्यांनी तो तिच्या डोळ्यांसमोर धरला, सरळ, ती कार्ड धरायची तसा. आणि भुवया उंचावल्या.

"हे," अण्णा म्हणाले. "काय?"

काकांचा हात वेतावर थांबला.

थोरलीनं कपाकडे पाहिलं. अण्णांच्या डोळ्यांत बाजारातला तो जुना माणूस बसला होता, बोली येण्याची वाट बघत. ती हसली, आणि ओठ घट्ट मिटून घेतले.

अण्णांनी थोडा वेळ वाट पाहिली. मग मान डोलवली, उत्तर बरोबर आलं म्हणून, आणि चहा प्याले.